सहा महिने गावात, सहा महिने फडात : मुलांच्या सवयी रुजवायच्या कुठे?

मुलांच्या चांगल्या सवयींवरचा कुठलाही लेख उघडा. सकाळी दूध, दोन वेळा ब्रश, डब्यात फळ, संध्याकाळी तासभर मैदानी खेळ, रात्री नऊला झोप. यातलं काहीच चूक नाही. फक्त हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बारा महिने एकाच घरात राहणारं मूल असतं. आपल्या बीड जिल्ह्यात फार मोठ्या संख्येने मुलांचं वर्ष तसं नसतं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणीकडच्या गावांतून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, शेळ्या-कोंबड्या आणि त्यांच्याबरोबर लहान मुलंही चढतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. तिथे कारखान्याच्या तळावर कोपी उभी राहते आणि पाडव्याच्या सुमाराला परत येईपर्यंत तेच घर.

तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुधा तुम्ही फडात नाही. तुम्ही शिक्षक असाल, अंगणवाडी सेविका असाल, मुकादमाच्या घरातले असाल, पुण्यात नोकरी करणारा त्या घरातला मुलगा असाल किंवा ज्यांच्याकडे नातवंडं ठेवून मुलगा-सून उसाला गेलेत असे आजी-आजोबा. हा लेख तुमच्यासाठीच आहे, कारण मूल आजारी पडलं की बोलणी त्याच्या आईला बसतात, आणि ती आई त्या वेळी पहाटे तीनला उठून भाकरी थापत असते.

सवय म्हणजे नेमकं काय, हे आधी बघू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ठरावीक प्रसंगी एक छोटी गोष्ट करायची, म्हणजे समजा नाश्त्यानंतर फिरायला जायचं, आणि ती आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात ते मोजायचं. साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. ही सगळी मोठी माणसं होती, मुलं नव्हेत. तरी त्यातली कामाची गोष्ट अशी की सवय हवेत रुजत नाही. ती एखाद्या खुणेला बांधलेली असते. शाळेची घंटा झाली की हात धुणं, न्हाणीघरातला आरसा दिसला की दात घासणं. आता विचार करा, जूनमध्ये शाळेत रुजलेली सवय नोव्हेंबरात फडात गेली. तिथे घंटा नाही, न्हाणीघर नाही, आरसाही नाही. खूण गेली की सवयही गेली. पाडव्याला परतल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि लगेच उन्हाळ्याची सुटी.

म्हणून माझं मत असं आहे की या मुलांच्या बाबतीत आपण सवय घराला किंवा शाळेला बांधणं सोडून, त्यांच्याबरोबर ट्रॉलीत चढणाऱ्या गोष्टींना बांधायला हवी. तांब्या बरोबर जातो. भाकरी बरोबर जाते. पायातली चप्पल जाते. आईच्या कमरेची पिशवी जाते. वीस सवयींची यादी भिंतीवर लावण्यापेक्षा अशा तीन-चार सवयी पुरे.

पहिली गोष्ट चहाची, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

सकाळी कपभर गोड चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा हा आपल्याकडचा मुलांचा नाश्ता झाला आहे. तळावर तर हमखास, पण गावातही. ते स्वस्त आहे, लगेच मिळतं, मूल रडायचं थांबतं, आईला कोयता घेऊन निघता येतं. त्यामुळे ‘बिस्किटं देऊ नका’ एवढंच सांगणारा डॉक्टर मला अर्धवट वाटतो. त्यात नुकसान काय होतं ते सांगायला हवं. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळपास पाव भाग साखर असते, उरलेलं बहुतेक मैदा आणि तेल. पोट भरतं, पण रक्त आणि स्नायू तयार व्हायला लागतं ते त्यात फारसं नाही. चहाचं तर त्याहून वाईट. चहातली टॅनिनं जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात. भाकरीबरोबरच चहा घेतला तर त्या जेवणातलं शरीरात जाणारं लोह निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. अशा मुलांच्या भाकरीतलं लोह चहापायी वाया जाऊ देणं आपल्याला परवडणारं नाही.

मग आईला काय सांगायचं? एकच गोष्ट: चहाआधी भाकरी. भाकरी पहाटे होतेच. त्यातली चतकोर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मुलाच्या हातात द्यायची, वर लिंबू पिळता आलं तर उत्तम, कारण आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहा द्यायचाच असेल तर तासाभराने, निम्म्या साखरेचा. पाच वर्षांखालच्या मुलाला चहा नकोच. शेंगदाण्यात वजनाच्या पाव भाग प्रथिनं असतात आणि चटणीचा डबा आठवडेच्या आठवडे टिकतो. एक इशारा मात्र नक्की: चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या. आणि गुळाबद्दल आपल्याकडे जरा जास्तच श्रद्धा आहे. थोडासा गूळ ठीक, पण शेवटी गूळही साखरच आहे. माळकरी घर नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा अंडं. रेशनचं धान्य आता गावाबाहेरच्या दुकानातही उचलता येतं, ‘एक देश एक रेशन कार्ड’ त्यासाठीच आहे. टोळी निघण्याआधी कार्ड आधारशी जोडलेलं आहे ना, हे मुकादमाने बघितलं तर त्याचे उपकार होतील.

आणि सीताफळ! बालाघाटाच्या डोंगरउतारावरच्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. टोळ्या निघण्याच्या आधीच्या दिवसांत ते पिकतं. टोपली बाजारात जाते ते बरोबरच आहे, पैसा लागतो. पण रोजचं एक फळ घरातल्या मुलासाठी बाजूला काढा. त्यानंतर बोरं आहेत, चिंच आहे, फडाच्या वाटेवर मिळणारा पेरू आहे. फळ म्हणजे सफरचंद हे शहरातलं खूळ.

इथे कुणी म्हणेल, ‘डॉक्टर, आमची पोरं काटकुळी, त्यांना साखरेची कसली भीती?’ यासाठी पुण्यातलं एक काम माहीत असायला हवं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण ही बाळं जेवढी स्नायूंनी कमी होती, तेवढी चरबीने कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशा शरीराला पुढे बैठं काम आणि भरपूर साखर मिळाली की मधुमेहाचा धोका वाढतो. उसाला जाणाऱ्या घरातला मुलगा उद्या पुण्यात दिवसभर खुर्चीवर बसणारा सुरक्षारक्षक किंवा ड्रायव्हर होतो, तेव्हा हे सगळं जुळून येतं. म्हणून आज काटकुळ्या दिसणाऱ्या मुलाचीच चव आपण कमी गोडाची ठेवायला हवी.

दुसरी गोष्ट मिश्रीची. यावर आपण सगळेच गप्प असतो, कारण घरातल्या आईला, आजीला काय बोलायचं. मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. दात दुखतो म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलीच्या दाताला लावला जातो, बरं वाटतं, आणि पुढे रोज लागतो. बरं वाटतं ते निकोटिनमुळे. दाताची कीड तशीच आत वाढत राहते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला आणि त्याच्याकडून विकून घ्यायलाही २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तरी ‘जा रे, एक पुडी घेऊन ये’ म्हणून आपण पोराला दुकानात पाठवतोच. तंबाखूची पहिली ओळख बहुतेक मुलांना अशीच होते. आजी, तुम्ही वयाच्या साठीत मिश्री सोडावी असा माझा आग्रह आहेच, पण तो आपण दवाखान्यात बोलू. आज एवढंच करा: नातवाच्या हातात डबी देऊ नका आणि त्याच्यासमोर लावू नका. त्याला मटाराएवढी टूथपेस्ट, तीन वर्षांखाली असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी, आणि रात्री झोपताना दात घासणं चुकवू नका. पेस्ट नसेल त्या दिवशी नुसत्या ब्रशने किंवा लिंबाच्या काडीनेही चालेल.

आता हात, पाय आणि जंत. साबणाने हात धुतल्याने जुलाबाचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी घटतं, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. ‘पाणीच नाही तर हात कसले धुता’ हे मी टँकरच्या उन्हाळ्यात गावोगाव ऐकलं आहे. अर्धा तांब्या पुरतो. साबणाचा तुकडा फडक्यात बांधून तांब्याच्या गळ्याला अडकवा. तांब्या उचलला की साबण हाताला लागतो. खूण बरोबर प्रवास करते ती अशी. आणि चप्पल. अंकुशकृमी नावाचा जंत मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. ज्या फडाच्या कडेला लोक शौचाला जातात तिथेच मुलं अनवाणी खेळतात. त्या मुलाला शंभर रुपयांची चप्पल हे औषधच आहे.

जंताच्या गोळीचं मात्र दुखणं वेगळं आहे, आणि ते आईच्या हातात नाही. देशपातळीवर राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. राज्यात तारीख थोडी मागेपुढे होते. एक ते एकोणीस वर्षांच्या प्रत्येकाला अल्बेंडाझोलची गोळी मिळते, शाळेत किंवा अंगणवाडीत. ऑगस्टमध्ये मूल गावात असतं. फेब्रुवारीत ते दोनशे-तीनशे किलोमीटर लांब तळावर असतं. गावातल्या हजेरीत ते ‘गैरहजर’ आणि तळाजवळच्या अंगणवाडीच्या यादीत त्याचं नावच नाही. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. पाच ते नऊ वर्षांची गुलाबी, दहा ते एकोणीसची निळी, आठवड्यातून एक. सहा महिने खंड. आपण ज्याला मुलाची ‘सवय नसणं’ म्हणतो त्यातलं बरंचसं हे असं आहे.

यावर नवी योजना काढायची गरज मला वाटत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते, म्हणजे मूल जाईल तिथल्या शाळेत बसू शकेल. त्याच कार्डाच्या पाठीमागे चार ओळी लिहा: वजन, शेवटची जंताची गोळी कधी, लोहाची गोळी चालू आहे का, कुठली लस राहिली आहे. निघताना लोहाच्या गोळ्यांची दोन-तीन महिन्यांची पट्टी आईच्या हातात द्या आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच टांगायला सांगा, कारण एकदम खाल्ल्या तर लोहाच्या गोळ्या विषारी ठरतात. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करता येते. सेविकाताई, ती करा आणि पालकांना तळाजवळची अंगणवाडी शोधायला सांगा. एवढं सोपं काम ‘वरून आदेश नाही’ म्हणून अडून राहावं, हे मला पटत नाही.

मागे राहिलेल्या मुलांबद्दल आता थोडं. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने मंजूर केलेली संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. मूल शिक्षणासाठी गावाजवळ राहावं हे माझ्या दृष्टीने कधीही चांगलंच. पण घरोघरी ही जबाबदारी आजीवर पडते, आणि आजीचा मदतनीस म्हणजे मोबाइल. सगळे तज्ज्ञ म्हणतात, मोबाइल काढून घ्या. अहो, त्या मोबाइलमध्ये त्याची आई असते! रात्री आठला व्हिडिओ कॉल येतो. हा वेळ स्क्रीनच्या तासांत मोजू नका. अगदी तान्ह्या बाळांसाठीही अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने व्हिडिओ कॉलचा अपवाद केला आहे. गडबड होते ती कॉल संपल्यानंतर. फोन पोराच्याच हातात राहतो आणि अकरा वाजेपर्यंत व्हिडिओ चालू. शाळकरी मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. तेव्हा जेवण आधी, मग आईशी बोलणं, आणि आईनेच सांगायचं, ‘आता फोन आजीकडे दे.’ आजीपेक्षा तिचं तो जास्त ऐकतो. ती दिवसभर राबून दमलेली असते, तरी हे एक वाक्य तिला बोलू द्या. लेकराचं संगोपन आपणही करतोय, हे तिलाही हवं असतं.

तळावर गेलेल्या थोरल्या मुलीकडे जाता जाता लक्ष द्या. धाकट्याला सांभाळायला म्हणून तिला नेलेलं असतं. तिची शाळा सुटते, जेवण सगळ्यात शेवटी होतं, आणि परत आल्यावर लग्नाचं बोलणं सुरू होतं. धाकट्याच्या तक्रारीसाठी आई तिच्याबरोबर दवाखान्यात येते तेव्हा वजनकाट्यावर तिलाही उभं करा.

यंदा पाडव्याला टोळी परत आली की पहिल्या आठवड्यातच, शाळेला सुटी लागायच्या आत, मुलांचं वजन, उंची आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. फेब्रुवारीची जंताची गोळी राहिली असेल तर उपकेंद्रातून मागून द्या. त्यासाठी ऑगस्टची वाट बघावी लागत नाही.