चौदा नावांची यादी

गेल्या आठवड्यात फोंडा महालातील एक परिचित गृहस्थ आमच्या कचेरीत आले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून मेजावर ठेवला. त्यांची कन्या बारावीत आहे. मुलगी हुशार, इतिहास आणि राज्यशास्त्र हे तिचे आवडीचे विषय, आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची पदवी अमेरिकेत जाऊन घ्यावयाची, असा तिने ध्यास घेतलेला. कागदावर चौदा विद्यापीठांची नावे होती. ती एका सल्लागाराने, अर्थात भक्कम शुल्क घेऊन, काढून दिलेली. "साहेब, ही यादी बरोबर आहे ना, तेवढे पाहा," असे गृहस्थ म्हणाले. वर्तमानपत्राच्या संपादकाने विद्यापीठांच्या याद्या तपासाव्यात, अशी वेळ यावी याचे आम्हांला प्रथम हसू आले. यादी वाचली आणि ते हसू मावळले.

चौदांपैकी नऊ नावे हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, स्टॅनफर्ड, कोलंबिया अशा देव्हाऱ्यातल्या विद्यापीठांची होती. जेथे शंभर अर्जदारांमागे जेमतेम चार-पाचांना दार उघडते. उरलेल्या पाचांपैकी तीन संस्था 'आमचे सहयोगी' म्हणून त्या सल्लागाराच्याच भिंतीवर झळकणाऱ्या. आणि राहिलेल्या दोहोंत या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रमसुद्धा नाही. एका मुलीच्या चार वर्षांचा आणि एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या मिळकतीचा निर्णय या कागदावर व्हावयाचा होता. गोव्यात असे कागद आज किती घरांतील कपाटांत असतील, या विचाराने हा विषय येथे मांडावासा वाटला.

अमेरिकेतील प्रवेशाची रीत आपल्याहून अगदी निराळी आहे. तेथे गुणवत्ता यादी फलकावर लागत नाही. शाळेतील चार वर्षांची प्रगती, शिक्षकांची शिफारसपत्रे, विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले निबंध आणि त्या वर्षी त्या विद्यापीठाला कोणते विद्यार्थी हवे आहेत याविषयीची त्याची मर्जी, इतक्या गोष्टींवर निकाल ठरतो. सामाईक अर्जाच्या सोयीने वीस महाविद्यालयांपर्यंत अर्ज धाडता येतात. परंतु प्रत्येकाचे शुल्क वेगळे आणि बहुतेकांचे जादा निबंधही वेगळे. म्हणून तेथील शाळांतील मार्गदर्शक यादीचे तीन थर करावयास सांगतात. काही नावे हात पोचणे कठीण अशी, काही आपल्या आवाक्यातली, आणि दोन-तीन अशी की जेथे प्रवेश जवळजवळ हमखास. ही मांडणी शहाणपणाची आहे यात वाद नाही. पण ती अमेरिकन घरासाठी केलेली आहे. आपल्या घरी ती जशीच्या तशी आणली, तर तिच्यात तीन मोठी भगदाडे राहतात.

पहिले भगदाड विषयाचे. विद्यापीठाचे नाव मोठे म्हणून हा विषय तेथे मोठा, असे नसते. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाचे परराष्ट्रसेवा विद्यालय एडमंड वॉल्श या जेझुइट धर्मगुरूने १९१९ साली काढले. बिल क्लिंटन हे तेथलेच पदवीधर. त्याच शहरात जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे एलियट विद्यालय आहे, परराष्ट्र खात्याच्या इमारतीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. अमेरिकन युनिव्हर्सिटी या नावाच्या विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय सेवा विद्यालयही तेथलेच. बॉस्टननजीक टफ्ट्स आहे, बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स आहे. जॉर्जटाउन, टफ्ट्स आणि हॉपकिन्स यांचा समावेश कठीण थरातच करावा लागेल. वॉशिंग्टनमधील उरलेली दोन मात्र चांगल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहेत. आमच्या परिचितांच्या यादीत यांतले एकही नव्हते. जॉर्जटाउनसुद्धा नव्हते!

दुसरे भगदाड पैशाचे, आणि ते सर्वांत मोठे. तेथील बड्या खाजगी विद्यापीठांत शिक्षण, निवास आणि भोजन धरून वर्षाचा खर्च ऐंशी ते नव्वद हजार डॉलरांच्या घरात गेला आहे. चार वर्षांचा हिशेब तीन कोटी रुपयांच्या आसपास जातो. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना चांगलीच आहे, पण ती या डोंगराच्या पायथ्यापर्यंतच नेऊन सोडते. येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी विद्यालये परदेशी विद्यार्थ्याला निवडताना त्याच्या बापाची तिजोरी पाहत नाहीत, आणि निवडल्यावर जेवढी तूट असेल तेवढी भरून देतात. म्हणजे जेथे शिरणे सर्वांत कठीण, तेथेच शिरल्यावर सर्वांत स्वस्त! इतर बहुसंख्य ठिकाणी मात्र साहाय्य मागितले की परदेशी अर्जदाराचे पारडे तेवढ्यापुरते हलके होते. तेव्हा जे विद्यापीठ हमखास प्रवेश देते आणि मग तीन कोटींचे बिल पुढे करते, त्याला आपल्या घरी हमखास कसे म्हणावयाचे? मध्यमवर्गीय कुटुंबाच्या यादीत खालच्या दोन थरांतील प्रत्येक नावापुढे परदेशी विद्यार्थ्याला गुणांवर शिष्यवृत्ती मिळते की नाही, याची नोंद असलीच पाहिजे. ती नसेल तर ते नाव खोडावे.

याच ओघात आणखी एक सापळा सांगितला पाहिजे. चतुर्थीची माटोळी उतरून सहा-आठ आठवडे होतात न होतात तोच १ नोव्हेंबरची मुदत येते, आणि 'लवकर अर्ज करा, संधी वाढते' असा सल्ला मिळतो. तो खरा आहे, पण अर्धा. लवकर अर्जाचा एक प्रकार बंधनकारक असतो. प्रवेश मिळाला की इतर सर्व अर्ज मागे घेऊन तेथेच जाण्याचे वचन विद्यार्थी, पालक आणि शाळा सहीनिशी देतात. ज्याला निरनिराळ्या ठिकाणची शिष्यवृत्ती ताडून पाहावयाची आहे, त्याने हे वचन दिले म्हणजे दुकानात शिरण्यापूर्वीच पाकीट गल्ल्यावर ठेवल्यासारखे झाले. बंधन नसलेला लवकर अर्जही असतो. करावयाचा तर तो करावा.

तिसरे भगदाड काळाने पाडले आहे. २०२५ साली मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकन वकिलातींनी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबविले. जूनमध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, त्या अर्जदाराची समाजमाध्यमांवरील खाती उघडी करून तपासण्याच्या अटीसह. १ जुलैला अमेरिकेची परदेशी साहाय्यसंस्था यूएसएड इतिहासजमा झाली, आणि त्याच महिन्यात परराष्ट्र खात्याने तेराशेहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठविले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही दूरची बातमी वाटेल. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ज्या कचेऱ्यांत उमेदवारी करावयाची, ज्यांच्या भरवशावर वॉशिंग्टनच्या महागड्या खोलीचे भाडे भरावयाचे, त्यांतील काही कचेऱ्यांनाच टाळे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून नव्याने आणावयाच्या एच-१बी नोकरवर्गामागे मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असा आदेश अध्यक्षांनी काढला. पदवीनंतर तेथे काम करून पाहण्यास परदेशी विद्यार्थ्याला बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना त्यावर चोवीस महिन्यांची वाढ मिळते, राज्यशास्त्राच्या कुळातील पदवीला ती सहसा मिळत नाही. आणि अमेरिकेची परराष्ट्रसेवा तर अमेरिकन नागरिकांपुरतीच आहे. कर्ज काढून गेलेल्या मुलीने ते बारा महिन्यांत कोठून फेडावयाचे, हा प्रश्न सल्लागाराच्या रंगीत पुस्तिकेत कोठेच नसतो.

एवढे ऐकल्यावर आमचे परिचित थोडे पुढे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पोर्तुगीज कागद करून घेतला तर?"

प्रश्न आडपडद्याचा असला तरी अप्रस्तुत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या नातवंडांपर्यंत ही वाट उघडी राहिली आहे, आणि तिचा शैक्षणिक लाभ खराखुरा आहे. हेगमध्ये, जागतिक न्यायालयाच्या शहरात, लायडन विद्यापीठ इंग्रजीतून आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदवी देते. युरोपीय नागरिकाला तेथे वर्षाला साधारण सव्वीसशे युरो फी पडते. भारतीय पारपत्र असलेल्याला सुमारे पाचपट. पॅरिसच्या सायन्स पोचे आशियाविषयक पदवी केंद्र ल हाव्रला आहे. तेथे युरोपीय कुटुंबाची फी उत्पन्न पाहून ठरते. ब्रिटनमध्ये मात्र २०२१ पासून पोर्तुगीज पारपत्राला फीची सवलत उरलेली नाही, हे अनेकांना अजून ठाऊक नसते. शिवाय तेथे शिक्षणानंतर नोकरी शोधण्यास मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचीच ठरविण्यात आली आहे.

पण आम्ही त्यांना उलट विचारले, मुलीला शिकून व्हावयाचे काय आहे? ते अभिमानाने म्हणाले, "राजदूत." मग त्यांनी आपला कागद पुन्हा पाहावा. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व संपते, आणि भारतीय परराष्ट्रसेवा भारतीय नागरिकावाचून कोणाला मिळत नाही. परदेशस्थ भारतीयाचे कार्ड तेथे कामास येत नाही. फी वाचविण्यासाठी उचललेले पाऊल ज्या खुर्चीसाठी ही सारी धडपड, तिचेच पाय कापते. लिस्बनच्या परराष्ट्र खात्यात भरती होण्यास ती मोकळी राहील, हा भाग वेगळा. पोटासाठी हा कागद करून स्विंडनला गेलेल्या गोमंतकीयांना आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांचा हिशेब निराळा आहे. भारताच्या वतीने बोलावयाचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीचा हिशेब निराळा.

आणि त्या खुर्चीकडे जाणारी वाट परदेशी पदवीतून जातच नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही विषयाची पदवी चालते. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची, तीही दिल्लीतली. आंतरराष्ट्रीय संबंधांतील त्यांची डॉक्टरेट जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. त्या विद्यापीठातील या विषयाच्या विद्यालयाची मुळे १९५५ साली सप्रू हाऊसमध्ये निघालेल्या संस्थेत आहेत, आणि फी आजही नाममात्र. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ पासून हा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात संरक्षणशास्त्राचा विभाग आहे. आमच्या ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे विद्यालय आहे. गृहस्थांना ते ठाऊक नव्हते, आणि सल्लागाराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तेथून दलाली मिळत नाही.

आमचे मत विचाराल तर पहिली पदवी देशात आणि दुसरी परदेशात, हा क्रम या विषयापुरता अधिक शहाणपणाचा आहे. मोठ्या शिष्यवृत्त्या दुसऱ्या पदवीलाच आहेत. के. आर. नारायणन त्रावणकोरची पदवी घेऊन टाटा शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले आणि १९४९ साली परराष्ट्रसेवेत दाखल झाले. खुद्द डॉ. आंबेडकर १९१३ साली मुंबईची पदवी घेऊन सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, आणि ती संपताच १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या माणसालाही पैशाने थांबविले, हे यादी करणाऱ्याने विसरू नये.

तरीही मुलीला आत्ताच जावयाचे असेल तर तिला अडवू नये. निबंध मात्र तिने स्वतः लिहावा, आणि जागतिक शांततेवर लिहू नये. तसले निबंध वाचून तेथील निवड समित्या विटलेल्या असतात. तिच्या दाराशीच केवढी सामग्री आहे! दादरा-नगरहवेलीला जाण्याच्या हक्कावरून पोर्तुगालने भारताला हेगच्या न्यायालयात खेचले, त्या खटल्याचा निकाल १९६० साली लागला. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा समितीत गोव्यावरून मतदान झाले आणि सोव्हिएट नकाराधिकार वापरला गेला. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यात बसून पोर्तुगीज दरबाराच्या हिंदू, मुसलमान, ज्यू आणि पारशी वकिलांवर १९५२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. यांपैकी एका विषयावर प्रामाणिकपणे लिहिलेली दोन पाने कोणत्याही सल्लागाराच्या घोटीव इंग्रजीवर मात करतील.

शेवटी त्यांच्याच पेन्सिलीने आम्ही यादी नव्याने मांडली. पूर्ण साहाय्य देणारी कठीण नावे तीन, विषयासाठी निवडलेली आणि शिष्यवृत्तीची शक्यता असलेली चार, युरोपातील भारतीय पारपत्रावरही झेपेल असे एक, आणि देशातली तीन. अकरा नावे झाली. कागदाची घडी करता करता गृहस्थ म्हणाले, "हे सगळे तिला मी सांगितले तर तिला वाटेल, बापाने पैशाकडे पाहून हार खाल्ली." येत्या रविवारी तिलाच घेऊन या, असे आम्ही त्यांना सांगितले आहे. चौदा नावे निघाली तेव्हा ती त्या सल्लागाराच्या खोलीत नव्हती. अकरा निघाली तेव्हा आमच्याही कचेरीत नव्हती.