देवमासे पाहायला निघण्यापूर्वी

नागपुरात पारा ४५ अंशांपुढे गेलेला असतो आणि अशाच एखाद्या संध्याकाळी अमेरिकेतल्या लेकीचा फोन येतो : "आई-बाबा, या वेळी सगळे मिळून अलास्काला जाऊ. जहाजातून हिमनद्या पाहू, देवमासे पाहू." सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघून केचिकान, जुनो, स्कॅगवे ही बंदरे घेणारी ही साधारण आठवड्याची सफर. तीन पिढ्या एकत्र येण्याचे असे योग आयुष्यात थोडेच असतात. प्रकृती साथ देत असेल तर आपण अवश्य जावे. मात्र त्याआधी एक विषय घरात मोकळेपणाने बोलायला हवा.

जुनोला उतरल्यावर देवमासे पाहण्यासाठी बसने ऑक बे येथे जावे लागते आणि तेथून लहान बोटीने समुद्रात. जाऊन-येऊन तीन-चार तास सहज जातात. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांच्या मनात अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो स्वच्छतागृहाचा. मग कोणालाही न सांगता सकाळची गोळी टाळली जाते, पाण्याचा पेलाही बाजूला सरकवला जातो. 'मुलांनी एवढा खर्च केला आहे, आपल्यामुळे कोणाचा विरस नको,' ही त्यामागची भावना. भावना निर्मळ असली तरी परिणाम घातक ठरू शकतो. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि लघवीचे प्रमाणही वाढते. त्यातच औषध चुकले तर दुबळ्या हृदयाच्या व्यक्तीला पायांवर सूज येऊन धाप लागू शकते, आणि पाणी न प्यायल्याने चक्कर येऊन तोल जाण्याची भीती असते.

यावर उपाय सोपा आहे. निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे : बोटीच्या दिवशी ही गोळी परतल्यावर घेतली तर चालेल का? अनेकांच्या बाबतीत चालते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. बोटीवर स्वच्छतागृह आहे की नाही, हे मुलांनी आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. अलास्काचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. म्हणून सर्व औषधांचे, विशेषतः इन्सुलिनचे, नवे वेळापत्रक लिहून घ्यावे. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावीत. विमानाच्या पोटातल्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा संभव असतो.

बोट लागू नये म्हणून दुकानातून परस्पर घेतलेली गोळी वृद्धांना त्रासदायक ठरू शकते. अशा अनेक औषधांनी झोप येते, गोंधळल्यासारखे होते; प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना अपाय होऊ शकतो. बोटीच्या मध्यभागी बसून दूर क्षितिजाकडे पाहणे आणि आल्याचा तुकडा तोंडात धरणे, एवढ्यानेही पुष्कळांना बरे वाटते.

आता थंडीविषयी. नागपूरकरांना हिवाळ्यात दहा अंशांखालची पहाट नवी नाही. पण आपली थंडी कोरडी असते. जुनोला जुलैत दिवसा पंधरा ते अठरा अंश असले, तरी पाऊस आणि समुद्रावरचा वारा यांमुळे ती थंडी ओली असते. एका जाड स्वेटरापेक्षा थरांवर थर उपयोगी पडतात : आत थर्मल, मध्ये लोकरी, वर पाणी न शिरणारे जाकीट. साडी नेसणाऱ्यांनी आत थर्मल पायजमा घालावा. चपलेऐवजी न घसरणारे बूट हवेत.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. उतारवयात थंडीची जाणीवही मंदावते. "आई, थंडी वाजते का?" या प्रश्नाचे "नाही" हे उत्तर पुरेसे मानू नये. हात धरून पाहावेत. कुडकुडणे, जड झालेली जीभ, सुस्ती किंवा गोंधळ दिसताच उबेत न्यावे, ओले कपडे बदलावेत आणि बोटीवरच्या कर्मचाऱ्यांना कळवावे. जहाजावरचे उपचार महाग असतात. म्हणून प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. जहाजांवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर नुसते सॅनिटायझर पुरेसे पडत नाही.

आणि लहान बोटीवर जाणे झेपणारे नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात पिल्लांना जन्म देणारे हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात हजारो किलोमीटर पोहून येथे अन्नासाठी येतात. अलास्कात त्यांच्यापासून बोटींना किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतर राखावे लागते. त्यामुळे दुर्बीण लहान बोटीतही लागतेच. मोठ्या जहाजाच्या डेकवर शाल पांघरून बसलेल्या आजीलाही, नशिबाने साथ दिली तर, पाण्यावर उडणारा श्वासाचा उंच फवारा दिसू शकतो. शेजारी नातवंड असेल तर ते आजीच्या आधी ओरडेल, इतकेच.

तेव्हा लेकीच्या पुढच्या फोनवर तिकिटांची चर्चा होण्याआधी तिला आपल्या गोळ्यांची यादी वाचून दाखवा, आणि स्वच्छतागृहाची अडचणही न संकोचता सांगा. तिने सफर आखली आहे ती आपल्यासाठीच.