नदी नासली ती आमच्या धुण्यानं?



मावळात काम करताना एका ओढ्याच्या काठी एक पाटी पाहिली. वर हिरव्या अक्षरांत 'नदी वाचवा' आणि खाली चित्र. पदर खोचून दगडावर कपडे आपटणारी बाई, आणि तिच्यावर मारलेली लाल फुली. पाटीवर आणखी काहीच नव्हतं.

बरोबर भाजे परिसरातल्या बचत गटाच्या दोघी-तिघी होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "ताई, ही फुली धुण्यावर हाय का बाईवर?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. कारण तीनएक वर्षांपूर्वी याच बायकांपुढं मी 'नदी आणि आपली जबाबदारी' असं सत्र घेतलं होतं. त्यात साबण होता, निर्माल्य होतं, ओटीचा नारळ होता, प्लास्टिकची पिशवी होती. धरण नव्हतं, बंगले नव्हते, शहराचं सांडपाणी नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. करताना 'सहभाग' या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती, आणि प्रत्यक्षात समोर बसलेल्या बायकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून आले होते. तेव्हा हा लेख आधी त्या चुकीची कबुली आहे, आणि मग थोडं भांडण.

साबणानं पाण्याचं काही बिघडत नाही असं मी म्हणत नाही. कपडे धुण्याची पावडर ओढ्यात जाते तेव्हा त्रास होतोच, उन्हाळ्यात पाणी कमी असताना जास्तच. पण हिशोब मांडायचा तर सगळ्यांचा मांडू.

इंद्रायणी कुरवंड्याजवळ, लोणावळ्याच्या अंगाला उगम पावते. भाज्याच्या डोंगरातले ओढे मळवलीकडं उतरून तिला मिळतात, मग ती कामशेत, वडगाव, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत जाते. या नदीच्या उगमाकडचं पाणी गेली शंभरहून अधिक वर्षं उलट्या दिशेला वळवलेलं आहे. लोणावळा, वळवण इथं टाटांनी तलाव बांधले आणि घाटावरचं पाणी खाली सोडून १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू केलं. पूर्वेला जायचं ते पाणी वीज करून पाताळगंगेत जातं. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. शेजारच्या मुळशी खोऱ्यात अशाच धरणाविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या सत्याग्रहात मावळातल्या बायाही होत्या, जाईबाई भोईटे त्यांच्यात पुढं होत्या. त्यांचं नाव किती जणींनी ऐकलं आहे?

नदीतून पाणी काढून घेतलं की उरलेल्या पाण्यात घाण जास्त होते, हे समजायला पदवी लागत नाही. ज्या घरात माणसं दहा आणि हंडा एक, तिथं बाईला हे रोज कळतं. पण आपल्या पाट्यांवर कमी केलेल्या पाण्याचं चित्र कधी येत नाही. सांडलेल्या साबणाचं येतं.

आता मासे. हा विषय काढला की आपल्याच चळवळीतल्या मैत्रिणी जरा नाक मुरडतात. बायकांवर रोज अत्याचार होताहेत, रेशन मिळत नाही, आणि ही मासे-बेडकांच्या गोष्टी सांगतेय, हे काम पुण्या-मुंबईच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींनी करावं. मलाही असंच वाटायचं. मग एका कातकरी वस्तीत पोरांच्या आहाराची माहिती घेत होते. फॉर्मवर 'डाळ, दूध, अंडी' असे रकाने. एका म्हातारीनं सांगितलं, "डाळ रोज कुठली? आमचं कालवण ओढ्यात होतं." पावसाच्या पहिल्या झडीला चढणीचे मासे यायचे. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात, अंडी घालायला. तेव्हा बाया नि पोरं टोपलीनं, फडक्यानंसुद्धा मासे धरायची. एरवी मळे, झिंगे, खेकडे, शिंपले. मरळ, वांब मिळाली तर ती पुरुषांनी बाजारात न्यायची. बारकं सगळं बायांचं, म्हणजे घरातल्या पोटाचं. ते विकलं जात नाही म्हणून कुठल्या खात्याच्या आकड्यात येत नाही. मत्स्योत्पादन म्हणजे तलावात सोडलेलं बीज आणि ठेक्यानं काढलेला माल. खाचरातला मूठभर मासा हे उत्पादन नाही. आपल्या घरकामासारखंच हे, कुणी मोजत नाही.

आणि तो मासा आता चढून येतो कुठं? वाटेत बंधारे, जागोजागी ओढ्याच्या पात्राला बांधलेल्या भिंती, भातखाचरं विकून त्यावर झालेले प्लॉट. मासा नदीतून वर यायला ओलाव्याची सलग वाट लागते, ती तुटली की अंडी घालायची जागाच राहत नाही. जे वाचतात त्यांच्या मागं गावातलीच पोरं ब्लीचिंग पावडर आणि वीजेचा करंट घेऊन लागतात. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर गाव तेवढं निर्मळ आणि बाहेरचे तेवढे पापी असं खोटं चित्र होईल. डोहात पावडर टाकली की चार किलो मासा हाती लागतो आणि उरलेलं सगळं, पिल्लांसकट, मरतं. त्या पोरांच्या आयांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐकत्यात होय आमचं?"

१८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीतल्या कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. महसीराच्या इथल्या जातीला त्यानं नाव दिलं 'खुद्री', दुसऱ्या एकाला 'कोलूस'. ही लॅटिन नावं नव्हेत, इथल्या लोकांच्या तोंडची आहेत. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आज ती आहेत. ज्यांनी ती सांगितली त्या माणसांची नावं मात्र कुठंच नाहीत, बायांची तर सोडाच. आणि आता त्या माशांचं काय? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २०११ साली पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या ११४६ जातींचा आढावा घेतला, त्यात सुमारे १६ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात निघाल्या. २०२५ च्या जानेवारीत जगभरच्या गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मासे, खेकडे-झिंगे, चतुर हे सगळे धरून जवळपास चौथा हिस्सा धोक्यात. कारणंही तीच दिली आहेत: प्रदूषण, धरणं आणि पाणी उपसा, जमिनीचा बदललेला वापर, बाहेरून आणलेल्या जाती. त्या यादीत घाटावरची बाई मला दिसली नाही.

बाहेरून आणलेल्या जातींचं एक उदाहरण इथलंच आहे. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीराची पिल्लं तयार होतात. काम मोठं आहे, ते नाकारायचं कारण नाही, २०२० साली ही जात धोक्याच्या यादीतून बाहेर आल्याचं जाहीर झालं. पण हीच पिल्लं दक्षिणेत कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या, आज अतिसंकटात असलेल्या महसीराच्या जिवावर उठली. मासा वाढवणं आणि नदी राखणं यांत फरक आहे. आपल्याकडं गावोगाव डासांसाठी गप्पी मासे सोडतात, तळ्यात चिलापी सोडतात, पूर आला की ते नदीत जातात. कुणी विचारत नाही, आधी इथं कोण राहत होतं?

आता भाज्याकडं येते. इथली लेणी दोन हजार वर्षांपेक्षा जुनी. लेण्यांत पाण्याची टाकी आहेत, शिलालेखात त्यांना 'पोढी' म्हटलं आहे. भाज्याला महारठी विष्णुदत्तानं टाकं दान दिल्याचा लेख आहे, आणि जवळच्या बेडशाला सामडिनिका नावाच्या महारठिनीनं टाकं दिल्याचा. एका बाईनं पाणी दिलं म्हणून दगडावर नाव कोरलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. (आमच्या गटात एकीनं लगेच विचारलं, "खोदलं कुणी?" बरोबरच आहे.)

त्याच लेण्यांच्या पायथ्याशी पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी उभं राहायला जागा नसते. धबधब्याखाली गर्दी, ओढ्यात बाटल्या, मक्याची कणसं, लहान मुलांचे डायपर. २०२४ च्या ३० जूनला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण, एक बाई आणि चार मुलं, वाहून गेली. २०२५ च्या १५ जूनला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल पडून चार जण गेले. प्रत्येक वेळी बंदीचे हुकूम निघाले. धबधब्यावर बंदी घालता येते, मग डोंगर फोडून, ओढा वळवून बंगले बांधण्यावर का येत नाही? पर्यटन रोजगार देतं हे खरं आहे, कणसं विकणाऱ्या, जेवण करून देणाऱ्या बायांचं चार महिन्यांचं उत्पन्न त्यावर आहे, त्यांना घालवा असं मी म्हणणार नाही. पण बंगल्यावर कामाला जाणाऱ्या बायांकडून ऐकलेलं सांगते. रविवारी संध्याकाळी पाहुणे गेले की चादरी, टॉवेल, पडद्यांचा ढीग पडतो. ढीग धुवायचा यांनीच. टाकीला पाणी टँकरचं, आणि धुतलेलं पाणी कुठं जातं असं विचारलं तर म्हणाल्या, "मागं, नाल्यात." म्हणजे ज्या बाईनं ओढ्यावर आपली दोन लुगडी धुवायची नाहीत, तिनं परक्यांच्या पन्नास चादरी धुवायच्या, पाणी त्याच ओढ्याला. तिथं पाटी नाही.

खाली देहू-आळंदीला काय होतं ते वारीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत फोटोसह छापून येतं. पांढरा फेस आणि त्यात स्नान करणारे वारकरी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांत इंद्रायणीही आहे. एवढा फेस धुण्याच्या दगडावरून येत नाही, कारखान्यांचं आणि शहरांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी येतं. चिखलीत नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले २०२५ च्या मे महिन्यात पाडावे लागले, तेही हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर. ते बांधले जात असताना कुणाची सही होती, हे कुणी पाटीवर लिहिलं नाही.

पाण्यावर मावळातल्या बाया रस्त्यावर आल्या नाहीत असंही नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी न्यायचं ठरलं, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिघांचा जीव गेला, त्यात एक बाई होती. तेव्हा कुणी तिला 'नदीची जबाबदारी' शिकवायला आलं नव्हतं.

आता कामाचं बोलते. जैविक विविधता कायदा २००२ चा आहे, त्याखालचे पहिले नियम २००४ चे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. त्या २००४ च्या नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य होते, सदस्यांत निदान एक तृतीयांश बाया. लोकांना विचारून नोंदवही करायची, कुठं काय सापडतं, कोण काय वापरतं. २०१९ मध्ये हरित लवादानं राज्यांना मुदत घातली, जानेवारी २०२० संपेपर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर महिन्याला दहा लाख दंड. मग काय झालं असेल याची कल्पना आपल्याला आहे, शौचालयांच्या आकड्यांत आपण हे पाहिलं आहे. मी एका गावची वही पाहिली. 'मासे' या रकान्यात 'स्थानिक' एवढा एक शब्द. समितीत दोन बायांची नावं होती, त्यांतल्या एकीला आपण समितीत आहोत हे माझ्याकडून कळलं.

त्या म्हातारीकडं मी पुन्हा गेले, या वेळी कोरी वही घेऊन. तिनं नावं सांगायला सुरुवात केली, सून मधेमधे दुरुस्त करत होती, "अहो आत्याबाई, तो निराळा." कुठला मासा कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, बाळंतिणीला कुठला द्यायचा, कुठला शेवटचा कधी बघितला. दोन पानं भरली. काही नावांपुढं ती नुसती हात हलवायची, म्हणजे आता नाही. गटातल्या मुलींनी ही वही पुढं चालवायचं ठरवलं आहे. पुढच्या ग्रामसभेच्या आधीच्या महिला ग्रामसभेत ती वाचायची, आणि ठराव मांडायचा की पंचायतीच्या नोंदवहीत हीच पानं चिकटवा, समितीची बैठक कधी झाली ते सांगा, आणि कुठल्या बंगल्याचं पाणी कुठल्या नाल्यात जातं त्याची यादी लावा. पाटीचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. एकीचं म्हणणं, काढून टाकू. दुसरी म्हणते, राहू दे, बाईच्या शेजारी बाकीची चित्रं आपणच काढू.