निबंध : आरास आणि विचार

यंदा दहावीच्या वर्गास आम्ही ‘सक्तीचे शिक्षण’ हा विषय निबंधासाठी दिला होता. वडोदऱ्याच्या मुलांना हा विषय परका नव्हे, तो त्यांच्या घरचाच. तथापि वह्या तपासावयास घेतल्या आणि आमची निराशा झाली. पानामागून पान श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीचे आणि प्रजावात्सल्याचे गुणगान! त्यातील एकही विशेषण खोटे नाही. परंतु विशेषणांची आरास म्हणजे विचार नव्हे. पूर्वी असा निबंध गाइडातून उतरत असे, आता तो मोबाइलवरून उतरतो. एवढाच काय तो फरक.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सुभाषितांनी सजलेल्या निबंधास आम्ही शिक्षकांनीच वर्षानुवर्षे भरघोस गुण दिले आहेत.

या ढिगाऱ्यात एका वहीत मात्र एक ओळ सापडली. ‘माझ्या पणजीच्या वडिलांना, मुलीला शाळेत न धाडल्याबद्दल दंड झाला होता.’ आम्ही थबकलो. पुढे काय म्हणून पान उलटले, तो पुन्हा दूरदृष्टी आणि प्रजावात्सल्य! हाती आलेले रत्न मुलाने टाकून दिले होते.

विश्लेषक निबंधाचा आरंभ अशा ओळीतूनच होतो, असे आमचे मत आहे. ‘सक्तीचे शिक्षण’ हे नुसते नाव झाले. त्याचा प्रश्न केल्यावाचून लेखणी उचलू नये. गरीब बापास दंड करून त्याच्या मुलीस शिकविणे न्याय्य होते काय? हा झाला प्रश्न. आता तपशील जमवावेत, आणि प्रत्येकापुढे ‘यावरून काय?’ असे लिहावे. बडोदे राज्यात सक्तीचा पहिला प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात झाला; सर्व राज्यास लागू होणारा कायदा १९०६ साली आला. यावरून काय? राज्यकर्त्याची इच्छा असूनही मध्ये तेरा वर्षे गेली, त्या अर्थी अडचण केवळ इच्छेची नव्हती. शाळा, शिक्षक आणि पैसा यांचा विचार करणे भाग आहे. मुलींसाठी सक्तीची वयोमर्यादा मुलांपेक्षा कमी होती. यावरून काय? कायदा करणाऱ्यासही समाजाच्या समजुतीशी तडजोड करावी लागली काय? ज्या तपशिलापुढे काहीच लिहिता येत नाही, तो कितीही सुंदर असो, गाळावा.

त्यानंतर पूर्वपक्ष. आपल्या शास्त्रकारांची ही जुनी रीत आहे : प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावयाचे, आणि तेही त्याने स्वतः मांडले असते तितक्या जोराने. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणारे ते सर्व मूर्ख होते असे समजणारा विद्यार्थी चांगला निबंध लिहू शकणार नाही. शेतात राबणारे पोर शाळेत गेले तर त्या घरचे काम कोणी करावे, या प्रश्नास उत्तर देऊनच पुढे जावे लागते.

हे कसब अंगी बाणण्यासाठी आम्ही एकच अभ्यास सुचवितो. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात ‘केसरी’तून टिळक आणि ‘सुधारक’मधून आगरकर एकमेकांविरुद्ध उभे होते. दोघांचा एकेक लेख घ्यावा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, तो परिच्छेद कोणते काम करतो ते दोन शब्दांत लिहावे : कारण, दाखला, शंका, खंडन. मग तीच परीक्षा आपल्या वहीची घ्यावी. बहुधा पहिला परिच्छेद काहीच काम करीत नाही असे आढळेल. तो निःशंकपणे खोडावा!

आम्हांस याची तळमळ वाटण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या मुलांची बाजारातील भाषा गुजराती, महाविद्यालयातील इंग्रजी. मराठी उरते ती सणासमारंभाच्या गौरवपर भाषणांपुरती. जिच्यात वाद घालता येत नाही, ती भाषा घरात किती दिवस टिकणार?

त्या विद्यार्थ्यास आम्ही वही परत दिली आणि दंडाच्या त्या ओळीपासून पुन्हा लिहावयास सांगितले. आठ दिवसांनी त्याने दोन पाने आणली. आजीकडून त्याने माहिती विचारून घेतली होती. शुद्धलेखनाच्या चुका होत्याच, शेवटही तुटका होता. त्याचा निष्कर्ष असा की, दंड योग्य होता, परंतु पेरणी-कापणीच्या दिवसांत शाळेनेच आपली वेळ बदलावयास हवी होती. आम्हांस हे मत पूर्णतः मान्य नाही. मात्र ते खोडून काढताना आमची एक संध्याकाळ खर्ची पडली, आणि अजूनही आमचे उत्तर पुरे झालेले नाही.