उधाणाचे काम, भांगाचे काम

कामांची यादी करायची आणि दिवसाचे तास त्यांच्यात वाटून टाकायचे, ही वेळेच्या नियोजनाची सर्वांत प्रचलित पद्धत आहे आणि सर्वांत लवकर मोडणारीही. याचे कारण सगळी कामे एका जातीची नसतात. काहींची वेळ बाहेरून ठरते, काहींना सलग निवांतपणा लागतो, काही मधल्या वेळात उरकता येतात, तर काहींना हंगाम असतो. कामाची जात ओळखून आखलेला क्रमच वर्षानुवर्षे टिकतो. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी आणि भोवतालच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात या साऱ्या जातींची कामे शेजारीशेजारी चालतात, त्यामुळे हा फरक इथे चांगला दिसतो.

बाहेरून वेळ ठरणाऱ्या कामाचे ठळक उदाहरण म्हणजे किनाऱ्यावरची मासेमारी. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. त्यामुळे 'रोज पहाटे पाचला' असा नियम समुद्रावर चालत नाही. कोकण किनाऱ्यावर त्यासाठी जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास मिळतो. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हा हिशेब मुंबईच्या आसपास जुळतो, उत्तरेकडे वेळ थोडी पुढे सरकते.

तासाइतकाच पंधरवडाही महत्त्वाचा असतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाण्याला जोराची ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, ओढ मंदावते. डोल जाळे एका जागी बांधलेले असते आणि प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, जवळा त्याच्या तोंडातून आत शिरतात. ओढ नसेल तर जाळे रिकामे राहते. म्हणून उधाणाच्या दिवसांत झोप-जेवण बाजूला ठेवून फेऱ्या होतात. भांगाच्या दिवसांत जाळ्यांची दुरुस्ती, इंजिनाची देखभाल, हिशेब आणि घरची कामे उरकली जातात. जोराचे काम आणि सवडीचे काम यांची ही आलटापालट पंधरवड्यातच बसवलेली आहे. विश्रांती इथे उरल्यासुरल्या वेळेवर सोडलेली नाही.

मात्र या क्रमाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. होडी किनाऱ्याला लागली की पुरुषांचे काम उतरणीला लागते आणि बायकांचे काम चढणीला. मासळी निवडायची, ताजी विकायला न्यायची, उरलेले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूच्या वलांडीवर वाळत घालायचे. हे काम उद्यावर ढकलता येत नाही, कारण मासळी थांबत नाही. एकाची सवड ही घरातल्या दुसऱ्याची घाई असेल, तर ते नियोजन अर्धेच आहे. वेळापत्रक माणसाचे आखून भागत नाही, घराचे आखावे लागते.

दुसरी जात सलग वेळ मागणाऱ्या कामांची. चिंचणी, वरोर, वाणगाव या भागात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे डाय बनवण्याचा घरगुती उद्योग आहे. पोलादी ठोकळ्यावर दागिन्याची बारीक, खोलगट नक्षी कोरायची आणि त्यावर पत्रा दाबून दागिन्याला आकार द्यायचा. हत्यार एकदा निसटले की आधीची मेहनत वाया जाते. अशा कामात दर दहा मिनिटांनी उठावे लागले तर दिवस भरतो, काम होत नाही. अभ्यास, लेखन आणि हिशेबतपासणी याच जातीची कामे आहेत. त्यांना दिवसातला ताज्या डोळ्यांचा वेळ द्यावा आणि मध्ये डोळ्यांना विसावा द्यावा. फोन, निरोप, बिले भरणे ही किरकोळ कामे त्या वेळेच्या बाहेर एकगठ्ठा करावीत.

तिसरी जात पाळीची. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देते आहे आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतले अनेक कारखाने रात्रंदिवस चालतात. पाळी फिरवायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरवलेली शरीराला अधिक सोसते. उशिरा झोपणे शरीराला जमते, वेळेआधी झोपणे जड जाते. जाण्यायेण्याचा वेळही कामातच धरायला हवा. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तशी मुंबईकडची नोकरी आवाक्यात आली आणि रोजच्या प्रवासाचे तासही वाढले.

चौथी जात हंगामाची. राब (रोपांसाठी जमीन भाजणे), पेरणी, आवणी (रोपांची लावणी), कापणी हा भातशेतीचा क्रम पावसाशी बांधलेला आहे. आवणीचा आठवडा चुकला की वर्षाचे पीक हातचे जाते. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. मासळीच्या विणीला दिलेला हा वेळ होडी आणि जाळी दुरुस्त करण्यालाही मिळतो.

हंगामी कामातूनच या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो. वेळ कोणाच्या मालकीचा? तलासरी-डहाणूतल्या वारली शेतकऱ्याला एकेकाळी ऐन पावसात स्वतःचे शेत सोडून सावकार-जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. त्याला हंगाम ठाऊक होता, पण दिवस त्याच्या हातात नव्हते. १९४५ मध्ये किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या वारल्यांच्या उठावाची एक मुख्य मागणी वेठबिगार बंद करण्याची होती. ज्याला स्वतःच्या दिवसावर हक्क नाही, त्याला नियोजनाचे धडे देणे अन्यायाचे आहे.

म्हणून क्रम असा असावा: बाहेरून ठरलेली कामे आधी मांडावीत, सलग कामाला ताजा वेळ राखावा, किरकोळ कामे एकत्र करावीत आणि विश्रांती आधीच लिहून ठेवावी. हे माणसाच्या हाती आहे. बाकीचे इतरांच्या, विशेषतः काम देणाऱ्यांच्या, हाती आहे. कारखान्यांनी पाळीचा तक्ता निदान महिनाभर आधी लावावा, हंगामी मजूर ठेवणाऱ्या वीटभट्टीच्या मालकांनी त्यांची सुट्टी बोलीतच ठरवावी आणि घरातल्या पुरुषांनी वलांडीवरच्या कामात आपला वाटा उचलावा. एवढे झाले तरच कामाची लय माणसाला आयुष्यभर झेपेल.