पेटीला भोकं हवीतच!

पेटी हवाबंदच असावी, असं ज्याला वाटतं त्याने तीत खुशाल पापड ठेवावेत. घोड्याचं सामान ठेवू नये.

आमच्या कन्येने घोडेस्वारीचा ध्यास घेतला आणि पुण्यातल्या दोन खोल्यांत खोगीर, लगाम, रिकिबी, तंग, खरारा असा जामानिमा येऊन पडला. सुताराने प्लायवूडची पेटी केली. वर सनमायका, झाकणाला रबरी पट्टी. म्हणाला, "साहेब, मुंगी शिरायची नाही!"

मुंगी शिरली नाही, हे कबूल. पण घामेजलेलं चामडं आत आणि बाहेर श्रावण! महिन्याभरात खोगिरावर अशी पांढरी बुरशी धरली की पिठात घोळल्यासारखं दिसावं. शिवणीचा दोरा कुजला, ऐन दुडक्या चालीत रिकिबीचा पट्टा तुटला आणि पोर मनगट धरून घरी आली.

दुसरी पेटी मी सुताराच्या उरावर बसून करून घेतली. सागवानी, आतून ३ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल. खाली पाय, दोन्ही बाजूंना भोकं, उंदरांना मज्जाव म्हणून त्यांवर जाळी. स्क्रू पितळी, म्हणजे गंज नको. आत गोल पाठीची लाकडी घोडी. खोगीर सपाट फळीवर टाकलं की त्याचा आकार जातो. आणि चामडं पुसून, सावलीत वाळवल्याशिवाय आत जाणार नाही, हा घरचा कायदा.

शेजारी म्हणतात, "अहो, एवढं सागवान आणून भोकंच पाडायची होती?"

त्यांच्या हवाबंद कपाटातल्या वासाबद्दल मी कधी बोललोय?