मजुरीचा भार कोणी उचलावा?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, न्यूयॉर्क शहर व त्याच्या लगतचे जिल्हे वगळता, १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १६ डॉलर झाले. त्याच दिवशी तेथील शेतमजुराच्या आठवड्याची मर्यादा ५६ तासांवरून ५२ तासांवर आली. त्यापुढच्या प्रत्येक तासाला दीडपट मजुरी द्यावी लागते. ही मर्यादा दर दोन वर्षांनी चार तासांनी उतरत २०३२ साली ४० तासांवर येईल. अमेरिकेतल्या कारखान्यातील कामगाराला ४० तासांचा आठवडा १९४० सालीच मिळाला होता. त्याच देशातल्या एका पुढारलेल्या राज्यात शेतमजुराला तो मिळण्यासाठी आणखी ९२ वर्षे लागावीत, ही गोष्ट संपन्न राष्ट्रांच्या कामगार कायद्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

हा विलंब विसराळूपणामुळे झालेला नाही. १९३८ साली रूझवेल्ट यांच्या राजवटीत किमान वेतनाचा कायदा झाला, तेव्हा शेतमजूर त्यातून जाणीवपूर्वक वगळले गेले. दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवाचून कायदा पार पडणे कठीण होते, आणि त्या मळ्यांवर राबणारे बहुसंख्य मजूर कृष्णवर्णीय होते. १९६६ च्या दुरुस्तीने मोठ्या शेतांवरील मजुरांना किमान वेतन लागू झाले. जादा कामाच्या दीडपट मजुरीचा हक्क मात्र संघराज्याच्या कायद्याने त्यांना आजही दिलेला नाही. न्यूयॉर्क राज्याने तो २०१९ च्या स्वतःच्या कायद्याने दिला आणि त्याबरोबर आठवड्याची सुटी व संघटित वाटाघाटीचा अधिकारही दिला.

मजुरी वाढवताना त्या राज्याने शेतकऱ्याकडे पाठ फिरवली नाही, आणि आमच्या मते विचार करण्याजोगा भाग तोच आहे. २०१६ साली १५ डॉलरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने जाण्याचा कायदा झाला, तेव्हाच २०१७ पासून शेतकऱ्याला मजुरामागे करसवलत देण्याचे ठरले. वर्षात किमान ५०० तास काम दिलेल्या प्रत्येक मजुरामागे पहिल्या वर्षी २५० डॉलर. पुढे ही रक्कम वाढत २०२२ मध्ये १,२०० डॉलरवर गेली. कर तितका देणे नसेल तर उरलेली रक्कम सरकार रोख परत करते. म्हणजे नाव सवलतीचे असले तरी वस्तुतः हे अनुदानच आहे. आठवड्याच्या तासांची मर्यादा उतरू लागली तेव्हा दुसरी सवलत आली. नवी मर्यादा ओलांडल्यापासून ६० व्या तासापर्यंत मूळ दरावर जी निम्मी रक्कम जादा द्यावी लागते, तिच्या ११८ टक्के सरकार भरून देते.

पहिल्या सवलतीचा हिशेब मात्र तपासून पाहिला पाहिजे. पहिल्या वर्षी किमान दर ९ डॉलरवरून ९ डॉलर ७० सेंटवर गेला. ५०० तासांच्या हंगामी मजुरामागे शेतकऱ्याचा बोजा ३५० डॉलरने वाढला आणि त्यातले २५० परत मिळाले. गोठ्यावर वर्षभरात २,००० तास राबणाऱ्या मजुरामागे बोजा १,४०० डॉलरने वाढला, आणि मिळाले तेही २५०च. सफरचंदाच्या तोडणीला बरे, दूधवाल्याला अपुरे, असा हा मामला होता. शिवाय मजुराला पूर्वीपासूनच किमान दराहून अधिक मिळत होते काय, हे कायदा विचारत नाही. डोकी मोजून पैसे देतो. साहजिकच शंभर मजूर ठेवणाऱ्याच्या पदरात शंभरपट पडते, आणि मुलाबाळांसह स्वतः राबणाऱ्याला काहीच मिळत नाही.

मग करदात्याचा पैसा मालकाच्या खिशात घालण्याचा हा प्रकार नव्हे काय? आमच्यापैकी काही साथी हा प्रश्न विचारतील. त्यांच्या संशयात तथ्य आहे, पण त्यावरून सवलतीचे तत्त्वच फेकून देणे आम्हाला मान्य नाही. दुधाचा भाव शेतकरी ठरवीत नाही. तो तिथेही ठरवीत नाही आणि इथेही नाही. ज्याला वाढलेला खर्च भावात घालता येत नाही, त्याने मजुरी मात्र वाढवावी असे म्हणायचे आणि स्वस्त अन्न खाणाऱ्या शहराने हात झटकायचे, हा न्याय नव्हे. आणखी एक गोष्ट घडते. सवलत हवी तर मजुराचे तास आणि वेतन वहीत दाखवावे लागते. ज्याचे अस्तित्वच कागदावर नको असे मालकाला वाटते, त्या मजुराचे नाव मालकाच्याच गरजेपोटी कागदावर येते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १९७५ च्या कायद्याने राज्यात व्यवसाय कर आला. मुंबईच्या गिरणी कामगाराच्या आणि कारकुनाच्या पगारातून तो कापला जाऊ लागला आणि ग्रामीण भागातील मजुरीसाठी रोजगार हमीच्या निधीत जाऊ लागला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली ही योजना २६ जानेवारी १९७९ पासून कायद्याच्या बळावर चालू लागली. शहराने खेड्यातल्या मजुरीचा वाटा उचलावा, हे या राज्याने अर्ध्या शतकापूर्वीच मान्य केले होते. रोजगार हमीचे काम गावाजवळ निघाले की बागायतदाराला मजुरीचा दर वाढवावा लागे, आणि त्याची कुरकुरही तेव्हापासूनचीच.

ती कुरकुर आता दिल्लीत ऐकली गेली आहे. महात्मा गांधींचे नाव असलेल्या २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो ग्रामीण रोजगाराचा नवा कायदा मंजूर केला, त्यात पेरणी आणि कापणीच्या मोसमात मिळून वर्षाला ६० दिवसांपर्यंत सरकारी कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. शेतीला मजूर मिळावेत, हे कारण. न्यूयॉर्कने मजुरी वाढू दिली आणि शेतकऱ्याला तिजोरीतून मदत केली. आपल्याकडे तिजोरीला तोशीस लागू नये म्हणून मजुराचा दुसरा दरवाजा नेमका त्याच्या श्रमाला मागणी असलेल्या दिवसांत लावून घेतला जात आहे. शेतकऱ्याला मदत हवी हे दोन्हीकडे मान्य आहे. एकीकडे ती समाज देतो, दुसरीकडे ती भूमिहीनाकडून वसूल केली जाते.

यात शेतकऱ्याचेही हित नाही. हमीभावासाठी खर्च मोजताना प्रत्यक्ष दिलेली मजुरी धरली जाते, आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोलही गावातील शेतमजुरीच्या दरावरूनच लावले जाते. वेचणीला आलेल्या बाईचा दर पाडला की कागदावर कापूस स्वस्तात पिकलेला दिसतो, आणि शेतकऱ्याच्या बायकोच्या घामाची किंमतही त्याच दराने उतरते.

शेतीचे उत्पन्न आपल्याकडे आयकरातून मुक्त असल्याने करसवलतीचा मार्ग बंद आहे. पण रोख अनुदानाचा मार्ग रोजच्या वहिवाटीतला आहे. केंद्राच्या सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० रुपये जमिनीच्या नोंदीवर खात्यात जमा होतात. सातबारा नसलेल्याला त्यातला छदामही मिळत नाही. यापुढची वाढीव मदत जमिनीवर न देता मजुरीवर द्यावी, अशी आमची मागणी आहे. अल्पभूधारकाने कायद्याचा किमान दर बँक खात्यातून दिला आणि गावच्या हजेरीपटावर नोंदविला, की ठरावीक दिवसांपर्यंत त्या मजुरीचा निश्चित हिस्सा सरकारने त्याला परत करावा. मजुरांच्या संख्येला कमाल मर्यादा असावी, नाहीतर न्यूयॉर्कप्रमाणे मोठाच धनी होईल. स्त्री-पुरुषांना एकाच कामाचा वेगळा दर दिला असेल तर परतावा मिळू नये. खोट्या हजेऱ्या लागतील हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. रोजगार हमीतही त्या लागल्या, आणि जिथे मजुरांची संघटना होती तिथे पकडल्याही गेल्या.

शेतमजुरीचा किमान दर १९४८ च्या कायद्याने ठरत असे. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेने घेतली; दर ठरविण्याचे काम राज्याकडेच राहिले. कामे बंद ठेवण्याचे दिवसही राज्यानेच आगाऊ जाहीर करायचे आहेत. हे दोन्ही अधिकार एकाच मंत्रिमंडळाच्या हातात असताना ते वेगवेगळ्या फायलींत ठेवण्याचे कारण नाही. त्या ६० दिवसांचे पत्रक निघेल तेव्हा त्याच कागदावर त्या काळातील शेतमजुरीचा किमान दर, तो न मिळाल्यास तालुक्यात कोणत्या अधिकाऱ्याकडे तक्रार करायची, आणि तो दर देणाऱ्या लहान शेतकऱ्याला सरकार दिवसाला किती रुपये परत करणार, हे छापलेले असले पाहिजे.